नाव कानाने लिहावं

पुण्यात जपानी शिकवताना पहिल्या महिन्यातला एक तास मी फक्त नावांसाठी राखून ठेवते. पहिल्या धड्यातलं पहिलं वाक्य 'मी अमुक' हेच असतं, आणि त्या अमुकच्या जागी आपलं नाव कसं लिहायचं हे पुस्तकात नसतं. मग मुलं पासपोर्टवरचं स्पेलिंग समोर ठेवतात आणि एकेका रोमन अक्षरासाठी जपानी अक्षर शोधत जातात. एका वर्षी प्रथमेश नावाच्या मुलाने वहीत असंच लिहून आणलं होतं. मी मोठ्याने वाचलं, 'पुरासामेशु'. वर्गात कुणीच ओ दिली नाही, त्यानेही नाही. झालं होतं असं, की इंग्रजीतल्या 'टीएच'साठी जपानीत 'स'ची ओळ वापरतात. स्मिथचं 'सुमिसु' होतं ते त्यामुळेच. आपण मात्र रोमनमध्ये 'थ' दाखवायला 'टीएच' लिहितो. म्हणजे मराठी नाव इंग्रजीच्या दारातून जपानीत शिरलं आणि वाटेत थ चा स झाला. मी 'सा' खोडून 'ता' लिहिलं, 'पुरातामेशु' असं पुन्हा वाचलं, तेव्हा त्याने चटकन मान वर केली.

परकं नाव जपानीत कानाने लिहावं, स्पेलिंगने नव्हे, हे माझं मत त्या तासांतून पक्कं होत गेलं. पण हा प्रश्न फक्त उच्चाराचा नाही. नाव कुठल्या लिपीत लिहायचं, उच्चार धरायचा की अर्थ, आणि शेवटचा शब्द कुणाचा, नाव घेणाऱ्याचा की नावाच्या धन्याचा? जपानने याची उत्तरं शोधायला सुरुवात केली त्याला तेराशे वर्षं होत आली.

जपानीत तीन लिप्या एकाच ओळीत नांदतात. कांजी म्हणजे चीनमधून आलेली, अर्थ वाहणारी चित्राक्षरं. हिरागाना आणि काताकाना या दोन उच्चारलिप्या, दोन्हींत मूळ अक्षरं ४६. हिरागाना कांजीच्या धावत्या, गोलसर लेखनातून तयार झाली. काताकाना नवव्या शतकाच्या सुमारास बौद्ध भिक्खूंनी ग्रंथ वाचताना ओळींमध्ये उच्चारखुणा करण्यासाठी कांजीचे तुकडे घेऊन घडवली. तिचा तक्ता 'आ इ उ ए ओ' असा सुरू होतो आणि पुढे 'का सा ता ना हा मा या रा वा' असा जातो. हा क्रम मराठी माणसाला ओळखीचा वाटतो, कारण तो आपल्याच घरचा आहे. सिद्धम् लिपीतून संस्कृत मंत्र शिकणाऱ्या भिक्खूंनी आपल्या वर्णमालेच्या धर्तीवर ही मांडणी केली. क नंतर जिथे च यायला हवा तिथे स आहे आणि प च्या जागी ह आहे, कारण त्या काळी त्या ओळींचे जपानी उच्चार च आणि प च्या जवळचे होते, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. हे एकदा सांगितलं की वर्गाकडून तक्ता पाठ करून घ्यावा लागत नाही.

भारतीय नाव जपानी लेखनात उतरलं ते तर काना लिप्यांच्याही आधी. बोधिसेन नावाचा भारतीय भिक्खू ७३६ साली जपानला पोहोचला आणि ७५२ साली नारा इथल्या तोदाइजी मंदिरातल्या महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे त्याने रंगवले, म्हणजे तिची प्राणप्रतिष्ठाच केली. त्याचं नाव चार कांजींत 'बोदाइसेन्ना' असं लिहिलं गेलं. बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे आलेल्या नावांनी दोन वाटा धरल्या होत्या. एक उच्चाराची. बोधिधर्माचा 'दारुमा' झाला, मौद्गल्यायनाचा 'मोकुरेन'. दुसरी अर्थाची. महाकालाचा 'दाइकोकुतेन' झाला, शब्दशः मोठा काळा देव, आणि सरस्वती झाली 'बेन्झाइतेन', वाणी आणि प्रतिभा देणारी. उच्चार धरला तर अर्थ हातून जातो. अर्थ धरला तर ज्याचं नाव आहे त्यालाच ते ओळखू येत नाही. या पेचातून पुढे कुणाचीच सुटका झाली नाही.

फ्रान्सिस झेवियरची गोष्ट गोव्याच्या वाचकांना जवळची वाटेल. कागोशिमाचा आंजिरो हा जपानी माणूस १५४८ साली गोव्यात ख्रिस्ती झाला आणि त्यालाच दुभाषा म्हणून बरोबर घेऊन झेवियर १५४९ साली कागोशिमाला उतरला. देवाला जपानीत काय म्हणायचं? आंजिरोने अर्थाची वाट सुचवली, 'दाइनिची', म्हणजे महावैरोचन बुद्ध. लोकांना वाटलं, हा आपल्याच बुद्धाबद्दल बोलतो आहे. चूक लक्षात आल्यावर झेवियर उच्चाराच्या वाटेवर आला आणि लॅटिन 'देउस' म्हणू लागला. त्याचं जपानी तोंडात 'देउसु' झालं आणि विरोधी भिक्खूंनी त्याचं 'दाइ उसो' केलं, म्हणजे मोठं खोटं. खुद्द झेवियरला बहुतेक जपान 'झाबिएरु' म्हणतो, पण जिथे त्याने धर्मप्रचार केला त्या यामागुचीतल्या स्मारक चर्चच्या नावात तो 'साबिएरु' आहे. एका नावाची दोन रूपं पावणेपाचशे वर्षांनंतरही शेजारी शेजारी उभी आहेत आणि यामागुचीच्या लोकांना आपलं रूप बदलावंसं वाटत नाही. ते योग्यच आहे. ते नाव त्यांच्याकडे ज्या तोंडून आलं, ते तोंड त्यांनी जपलं.

१६०० साली 'लीफ्दे' जहाजातून आलेल्या यान योस्टेन या डच खलाशाचं नाव तर माणसापासून सुटून जमिनीला चिकटलं. यान योस्टेनचं 'यायोसु' झालं आणि पुढे 'याएसु'. आज तोक्यो स्टेशनच्या पूर्वेच्या भागाचं नाव तेच आहे आणि आठ, पट, वाळूचा किनारा अशा अर्थांच्या ज्या तीन कांजींनी ते लिहितात, त्यांचा त्या डच माणसाशी काही संबंध नाही.

परकं नाव म्हणजे काताकाना ही सवय नंतर आली. १७०८ साली चोरून जपानला आलेल्या सिदोत्ती या इटालियन पाद्र्याची चौकशी अराइ हाकुसेकी या विद्वानाने केली आणि त्यावरून पुढे जो ग्रंथ लिहिला, त्यात परक्या माणसांची आणि ठिकाणांची नावं काताकानात लिहिली. मेइजी काळात, म्हणजे १८६८ नंतर, परकी नावं पुरासारखी आली आणि जो ऐकेल त्याने आपल्या कानाप्रमाणे लिहिली. जर्मन कवी गोएथेच्या नावाची कितीतरी रूपं छापून येत होती, त्यांतलं 'ग्योएते' सर्वांत प्रसिद्ध. शेवटी 'गेते' टिकलं. पण माझ्या वर्गात सर्वांत उपयोगी पडतं ते हेपबर्नचं उदाहरण. १८५९ साली आलेला अमेरिकन डॉक्टर जेम्स हेपबर्न, ज्याच्या १८६७च्या कोशावरून जपानीची रोमन लेखनपद्धती रूढ झाली, तो जपानीत 'हेबोन'. नटी ऑड्री हेपबर्न मात्र 'हेप्पुबान'. आडनाव एक, स्पेलिंग एक. डॉक्टरचं नाव लोकांनी कानाने ऐकून लिहिलं, नटीचं नाव कागदावरून वाचून लिहिलं. मला 'हेबोन' जास्त प्रामाणिक वाटतं.

काताकानाच्या मर्यादा नीट समजल्या तर निम्मे वाद मिटतात. जपानी उच्चार मात्रांत मोजला जातो, जशा आपण वृत्तात मोजतो. ह्रस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन, आणि 'न्'ची स्वतंत्र एक. सचिन म्हणजे 'सा-चि-न्', तीन मात्रा, आणि नाव जवळजवळ जसंच्या तसं. इतकं भाग्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. 'न्' सोडला तर व्यंजनावर शब्द संपत नाही, म्हणून शेवटी बहुधा 'उ' येतो. मात्र त ला उ लावला की त्याचा 'त्सु' होतो, म्हणून तिथे 'ओ' लागतो. त्यामुळे अमितचं 'आमितो' किंवा इंग्रजी नावांच्या सवयीने 'आमित्तो', प्रसादचं 'पुरासादो'. ल नाही, म्हणून कमलचं 'कामारु' आणि माला व मारा यांत फरक उरत नाही. महाप्राण नाहीत, ट-त, ण-न, ळ-ल हे भेद नाहीत. सीमाची 'शीमा' होते. हे सगळं ऐकून मुलं हिरमुसतात. मी त्यांना सांगते, की आपणही 'त्सु' नीट म्हणत नाही आणि त्यांच्या ह्रस्व-दीर्घाची वाट लावतो. दोन तोंडांमधला हा व्यवहार आहे आणि दोन्ही बाजूंनी थोडं सोडावं लागतं.

सरकारी बाजू १९९१ सालच्या मंत्रिमंडळाच्या एका अधिसूचनेत आहे. परकीय शब्दांच्या लेखनासाठी तिने दोन तक्ते दिले. पहिल्यात 'ति', 'दि', 'फा', 'शे' यांसारखी जोडअक्षरं सर्रास वापरायला मोकळी केली, दुसऱ्यात मूळ उच्चाराच्या आणखी जवळ जाण्यासाठी 'व्हा', 'तु', 'दु' यांची सोय ठेवली. याचं महत्त्व भारतीय नावांना फार. 'दि' रूढ नसताना गांधीजी 'गांजी' होते, आणि जुन्या पुस्तकांत तसेच आहेत. आता शाळेच्या पुस्तकांत 'गांदी' दिसतात. जुन्या रीतीने आदितीचं 'आजिची' झालं असतं, आज 'आदिति' सहज लिहिता येतं. आणि एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. ही अधिसूचना मार्गदर्शक आहे, आणि व्यक्ती-व्यक्तींच्या लेखनापर्यंत ती ताणायची नाही असं तिच्याच प्रस्तावनेत म्हटलं आहे. म्हणजे आपल्या नावाचं काताकाना रूप ठरवण्याची मोकळीक नियमानेच दिलेली आहे. ती आपण वापरत नाही, समोरचा कारकून जे लिहील ते घेऊन येतो.

'व' हे अक्षर स्वतंत्र परिच्छेद मागतं. 'उ'वर दोन टिंबं देऊन 'व्ह' दाखवण्याची युक्ती फुकुझावा युकिची या विद्वानाने १८६०च्या आपल्या इंग्रजी शब्दसंग्रहात केली. पण जपानी तोंडात तो उच्चार मुळात नाही, म्हणून वर्तमानपत्रं सहसा 'ब'च लिहितात आणि २०१९ साली कायद्यातल्या देशनावांतूनही हे टिंबवालं अक्षर गेलं, केप व्हर्देचं 'काबोबेरुदे' झालं. मग वैशालीने काय करावं? 'बाइशारि', 'व्हाइशारि' की 'वाइशारि'? बहुतेक जण मधलं निवडतात, कारण पासपोर्टवर 'व्ही' असतो. मराठी 'वै' म्हणताना आपला खालचा ओठ दातांना जेमतेम लागतो. स्वतः आरशासमोर म्हणून पाहा. माझ्या कानाला 'वा' जवळचा वाटतो आणि तो जपानी माणसाला जन्मापासून येतो. विनयसाठी मात्र मी 'व्हि' सुचवते, कारण तिथे 'उइ' केलं की नाव फारच सैल होतं.

ऋ चंही असंच. मराठी ऋतुजा 'रुतुजा' आहे, हिंदी पट्ट्यात ती 'रितुजा' होते. भारतीय नावांची तयार यादी बघून लिहिणारा मराठी मुलीला 'रि' देऊन टाकतो. सिद्धार्थचं मला जास्त वाईट वाटतं. हे नाव जपानला शतकानुशतकं माहीत आहे, त्याच्यासाठी तीन कांजी आहेत, काताकानात 'शिद्दारुता' म्हटलं की कुठलाही शिकलेला जपानी माणूस बुद्ध ओळखतो. आणि आपला सिद्धार्थ स्पेलिंगवरून 'शिदासु' होऊन येतो.

दीर्घ स्वर जपावेत की सोडावेत? राधाचं काटेकोर रूप चार मात्रांचं, 'रादा' दोन मात्रांत संपतं. संस्कृतचे अभ्यासक सगळे दीर्घ जपतात, रोजच्या व्यवहारात शेवटचा दीर्घ बहुधा गळतो. इथे मी कान आणि अर्थ दोन्ही तपासते. 'मी' दीर्घ ठेवून मीरा लिहिलं तर उच्चार ममीसाठी असलेल्या जपानी शब्दासारखा होतो, म्हणून 'मिरा' बरं. उमा म्हणजे जपानीत घोडा. अभिनेत्री उमा थर्मनचं नाव जपानमध्ये 'युमा' असंच लिहितात. माझ्या एका विद्यार्थिनीने मात्र 'उमा'च ठेवलं. घोडा चांगला प्राणी आहे, म्हणाली.

आता कांजी. आपलं नाव कांजीत लिहून द्या, अशी मागणी दर बॅचला होते. आवाज जुळणारी अक्षरं शोधणं अवघड नसतं, पण प्रत्येक अक्षर आपला अर्थ घेऊन येतं. ती जबाबदारी पेलणारी माणसं होऊन गेली. मोरी ओगाइ हा लेखक आणि लष्करी डॉक्टर जर्मनीत चार वर्षं शिकला आणि परतल्यावर त्याने मुलांची नावं युरोपीय उच्चारांची, पण कांजीत लिहिलेली ठेवली. ओत्तोवरून ओतो, मारीवरून मारी, ॲनवरून आन्नु, फ्रिट्झवरून फुरित्सु, लुईवरून रुइ. मारीच्या दोन्ही कांजी मिळून मोगऱ्याच्या जातीचं फूल होतं. परकं नाव घरात आणून त्याला मुळं फुटू देणं याला म्हणतात.

उलट दिशेने आलेल्यांत ब्राझीलचे फुटबॉलपटू आहेत. रुइ रामोसने नागरिकत्व घेतल्यावर 'रुइ'साठी निळं रत्न आणि थोर या अर्थाच्या कांजी घेतल्या. तुलिओ तानाकाच्या 'तुरिओ'त झुंज आणि राजा आले. फिनलंडमध्ये जन्मून जपानच्या संसदेत पोहोचलेल्या मार्टी तुरुनेनने नाव चार कांजींत बसवलं, 'त्सुरुनेन मारुतेइ'. डोनाल्ड कीन हे जपानी साहित्याचे थोर अभ्यासक २०१२ साली, नव्वदीला टेकले असताना, जपानी नागरिक झाले. नोंदवहीत त्यांनी काताकानाच ठेवली, आडनाव आधी, 'कीन दोनारुदो'. शिवाय किनु नदी आणि नारुतोची सामुद्रधुनी यांच्या कांजी जोडून एक रूपही ते वापरत. त्यात भूत, क्रोध, गर्जना, दार असे अर्थ होते आणि त्या मृदू माणसाला ते आवडायचं.

लाफ्काडिओ हर्न या परदेशी लेखकाची गोष्ट मात्र माझ्या मताला छेद देते, म्हणून ती टाळता येत नाही. १८९० साली मात्सुएच्या शाळेत शिकवायला आला तेव्हा करारपत्रावर त्याचं नाव 'हेरुन' असं लिहिलं गेलं. ते स्पेलिंगवरून केलेलं, उच्चाराने चुकीचं. 'हान' हवं होतं. पण त्याने ते स्वीकारलं, आणि मात्सुए आजही त्याला 'हेरुन-सान' म्हणतं. १८९६ साली तो जपानी नागरिक झाला, बायकोचं कोइझुमी हे आडनाव घेतलं आणि याकुमो हे नाव, 'आठ ढग', मात्सुए ज्या इझुमो प्रांतात आहे त्याला जुन्या कवितेत लावलं जाणारं विशेषण. त्याच्या बायकोचं नाव सेत्सु आणि सरकारी नोंदीत ते काताकानात. तेव्हा जपानी बायकांची नावं तशी असत. म्हणजे त्या घरात परदेशी जन्मलेल्याचं नाव कांजीत होतं आणि जपानी बाईचं काताकानात. काताकाना म्हणजे परका, असा शिक्का मनावर बसलेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

हर्नने आपणहून घेतलं. ज्यांच्यावर नाव लादलं गेलं त्यांचं काय? १९४० साली जपानच्या ताब्यातल्या कोरियात लोकांना जपानी धर्तीची आडनावं घ्यायला लावली गेली. युद्धानंतरही जपानमधल्या कोरियन माणसांची कांजीतली नावं जपानी उच्चाराने वाचत. चोए चांग-ह्वा या पाद्र्याने १९७५ साली सार्वजनिक प्रसारणसंस्था एनएचकेवर खटला भरला. आपलं नाव 'साइ शोका' असं वाचलं, याबद्दल माफी हवी आणि नुकसानभरपाई एक येन. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली त्याची मागणी फेटाळली, पण आपलं नाव अचूक उच्चारलं जाणं हे माणसाच्या व्यक्तित्वाशी जोडलेलं हित आहे, हे मान्य केलं. तोवर, १९८४पासूनच, कोरियन नेत्यांची नावं कोरियन उच्चाराने वाचायला सुरुवात झाली होती. चिनी नावं अजून जपानी उच्चारानेच वाचतात, शी जिनपिंग तिथे 'शू किन्पेइ' आहेत. पण तो एक येन माझ्या डोक्यातून जात नाही. रक्कम एवढी लहान ठेवली म्हणूनच दावा नावाचा होता हे स्वच्छ दिसलं.

आज मराठी तरुण जपानला जातो तेव्हा त्याच्या रहिवासी कार्डावर नाव रोमनमध्ये, पासपोर्टप्रमाणेच असतं. पण कामाच्या जागी, दवाखान्यात, बँकेत काताकाना लागते, आणि पैसे पाठवताना खातेदाराचं काताकाना नाव जुळावं लागतं. माझ्या एका विद्यार्थिनीचं पूजा हे नाव तिथल्या एका कारकुनाने रोमन नियमाने वाचलं. जपानी रोमनमध्ये दोन 'ओ' म्हणजे लांब ओ, म्हणून खात्यावर 'पोओजा' आलं. नोकरीच्या जागी तिने 'पूजा' सांगितलेलं. पहिला पगार अडकला. आपल्याकडे भर म्हणून मधलं वडिलांचं नावही असतं. पासपोर्टच्या पहिल्या नावाच्या रकान्यात दोन नावं शेजारी बसतात आणि तिथे ते एकच लांब नाव समजलं जातं. नोंदणीकृत शिक्का करायचा तर तो ८ मिलिमीटरपेक्षा मोठा आणि २५ मिलिमीटरच्या चौकटीत मावणारा हवा. तिन्ही नावं त्यात कोरायची म्हटली तर कोरणारा हात टेकतो. नागरिकत्व घेताना रोमन चालत नाही. हिरागाना, काताकाना, किंवा रोजच्या वापराच्या २,१३६ आणि नावांसाठी मान्य ८६३ कांजींमधून निवड करावी लागते.

हिरागानाचा विचार फारसा कुणी करत नाही, पण एका मराठी माणसाने केला. पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक २०१९ साली तोक्योच्या एदोगावा प्रभागाच्या सभेवर निवडून आले. जपानी मतदार अशा निवडणुकीत उमेदवाराचं नाव कोऱ्या कागदावर हाताने लिहितो. 'पुरानिकु योगेंदोरा' कोण लिहिणार? त्यांनी हिरागानातली दोनच अक्षरं घेतली, 'योगि'. पहिलीतलं पोर लिहील असं नाव, आणि तरी आईने मारलेल्या हाकेपासून फार दूर गेलेलं नाही.

प्रथमेशचा फोन मागच्या दिवाळीत आला होता. शिक्का करून घेतला, म्हणाला. दुकानदाराने विचारलं, 'ता' ना, 'सा' नाही? त्याच्याकडे आधी आलेल्या कागदावर कुणीतरी पुन्हा 'सा' लिहिलं होतं.